'डोमेस्टिकली'चं मराठी करताना: नव्या अनुवादकांसाठी पायरीपायरीनं

अनुवादाचं काम नव्यानं हाती घेतलं की 'डोमेस्टिकली' हा शब्द फार दिवस वाट पाहायला लावत नाही. कंपनीचा वार्षिक अहवाल, वृत्तसंस्थेची बातमी, परदेशी विद्यापीठाचं शुल्कपत्रक, कशात ना कशात तो येतोच. शब्दकोशात 'घरगुती रीतीने' असं काहीतरी सापडतं आणि मग 'ही लस घरगुती रीतीने तयार करण्यात आली आहे' अशी वाक्यं तयार होतात. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी गॅसवर पातेलं चढवून लस उकळतंय.

मी बरीच वर्षं अहवाल, प्रसिद्धिपत्रकं आणि बातम्या मराठीत आणते आहे. नवीन आलेली मुलं या एका शब्दापाशी ज्या ज्या ठिकाणी अडतात, ती ठिकाणं ओळीनं मांडते. शब्द एक असला तरी त्याच्यासोबत 'देशांतर्गत', 'घरगुती', 'कौटुंबिक', 'स्वदेशी', 'पाळीव' अशी सगळी मंडळी येतात. त्यांतलं कोण कुठे बसवायचं, हेच खरं काम आहे.

बसण्याआधी जवळ काय हवं

- पूर्ण मूळ मजकूर. सुटं वाक्य कुणी पाठवलं असेल तर आधीची आणि नंतरची पानं मागून घ्या.
- तो मजकूर कुठल्या देशातला आहे आणि कुणासाठी लिहिला आहे, याची माहिती.
- वापराची उदाहरणं देणारा चांगला इंग्रजी-इंग्रजी कोश. इंग्रजी-मराठी कोश त्यानंतर उघडायचा.
- महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, निदान अर्थशास्त्राचा आणि शासन व्यवहाराचा.
- कायद्याचा किंवा योजनेचा उल्लेख असेल तर त्याचं अधिकृत मराठी नाव.

मोल्सवर्थ-कँडींचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोशही चाळायला ठेवा. आजच्या अर्थव्यवहारासाठी त्याचा उपयोग नाही, पण घरसंसाराचे विसरलेले मराठी शब्द तिथे भरपूर भेटतात आणि सहाव्या पायरीला ते लागतील.

१. शब्दाचं मूळ आणि उच्चार, एकदाच बघून घ्या

लॅटिनमध्ये 'डोमुस' म्हणजे घर. त्यावरून 'डोमेस्टिकुस' म्हणजे घराशी संबंधित. हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. घर या अर्थाचा पुढे विस्तार होऊन 'आपला देश' असाही अर्थ त्याला चिकटला. शाळा-कॉलेजच्या प्रवेशासाठी तुम्ही काढलेलं 'डोमिसाईल', म्हणजे अधिवास प्रमाणपत्र, याच घराण्यातलं. तिथेही घर म्हणजे चार भिंती नसून राज्य आहे.

उच्चार साधारण 'डमेस्टिकली', जोर 'मेस्' वर. लिहिताना शेवटी ए-एल-एल-वाय येतं, पण बोलताना त्यातला 'ए' गळतो, म्हणून 'डोमेस्टिकॅली' म्हणू नका. आय-सी नं संपणाऱ्या विशेषणांचं क्रियाविशेषण असंच होतं. नेहमीचा अपवाद 'पब्लिकली', तिथे फक्त एल-वाय. मराठी मजकुरात शब्द तसाच ठेवायची वेळ आली तर 'डोमेस्टिकली' हे रूढ लेखन चालू द्या.

२. शब्द कशाच्या विरुद्ध उभा आहे ते शोधा

बाकीच्या पायऱ्या विसरलात तरी चालेल, ही विसरू नका. 'डोमेस्टिक' आणि त्याचं क्रियाविशेषण जवळजवळ नेहमी कशाच्या तरी जोडीनं, त्याच्या विरोधात येतं. दुसरी बाजू मजकुरात लिहिलेली असेल किंवा नुसती सुचवलेली असेल. ती सापडली की मराठी शब्द आपोआप ठरतो.

समोर परदेश असेल तर अर्थ 'देशात'. मुंबईत रिक्षावाला 'डोमेस्टिक की इंटरनॅशनल?' असं विचारतो तेव्हा आपल्याला क्षणभरही शंका येत नाही, कारण त्यानं दोन्ही बाजू सांगून टाकलेल्या असतात. कागदावर दुसरी बाजू बरेचदा गाळलेली असते, म्हणून घोळ होतो.

समोर दुकान, हॉटेल किंवा कारखाना असेल तर अर्थ 'घरगुती'. गॅसचा घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा आणि व्यावसायिक १९ किलोचा. विजेची जोडणीही तशीच, घरगुती किंवा व्यावसायिक. पाण्याच्या पंपाच्या माहितीपत्रकात 'डोमेस्टिकली वापरता येतो' असं असेल तर 'घरगुती वापरासाठी' एवढंच लिहा. इथे 'देशांतर्गत वापरासाठी' लिहिलंत तर पंप नेपाळला न्यायला बंदी आहे असं गिऱ्हाइकाला वाटेल.

समोर सार्वजनिक आयुष्य, नोकरी, राजकारण असेल तर 'घरात', 'संसारात', 'कौटुंबिक आयुष्यात'. समोर रानटी किंवा जंगली असेल तर 'पाळीव' किंवा 'माणसाळवलेला', पण तिथे क्रियाविशेषण क्वचित येतं, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

एक जोडी मात्र फसवी आहे. अंधेरीच्या सीप्झमधल्या दागिन्यांच्या कारखान्याचा अहवाल आला आणि त्यात काही माल 'डोमेस्टिकली' विकला असं लिहिलेलं असलं, तर समोर काय आहे? परदेश आहेच, पण त्याखेरीज स्वतः सीप्झही आहे. १९७३ पासून निर्यातीसाठी राखलेला हा भाग आज विशेष आर्थिक क्षेत्र आहे, आणि २००५ च्या कायद्यानुसार अशी क्षेत्रं सीमाशुल्काच्या हिशेबात देशाबाहेरची मानली जातात. तिथून माल झवेरी बाजारात आणायचा तर शुल्क भरावं लागतं. अंधेरी आणि झवेरी बाजार एकाच शहरात असले तरी कागदोपत्री मधे सीमा आहे. तेव्हा नुसतं 'देशात विकला' पुरत नाही. 'विशेष आर्थिक क्षेत्राबाहेर, देशांतर्गत बाजारपेठेत विकला' असं उलगडून लिहा.

३. देश म्हणजे कुणाचा देश?

अर्थ 'देशात' ठरला की लगेच 'भारतात' लिहायचा मोह होतो. थांबा. मजकूर ज्याचा, देश त्याचा. चिनी कंपनीच्या पत्रकातलं 'डोमेस्टिकली' म्हणजे चीनमध्ये, जपानी कंपनीच्या पत्रकातलं जपानमध्ये. मराठी वाचक 'देशात' हा शब्द वाचला की आपला देश समजतो, त्यामुळे परदेशी मजकुरात देशाचं नाव घालणं केव्हाही बरं: 'चीनमध्ये', 'जपानच्या बाजारपेठेत'.

त्यातही दोन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून पाहा.

पहिलं, हॉलिवूडची कमाई. चित्रपटानं 'डोमेस्टिकली' इतके डॉलर मिळवले असं अमेरिकी बातमीत येतं तेव्हा त्या आकड्यात अमेरिकेबरोबर कॅनडाही धरलेला असतो. तिथल्या चित्रपट व्यवसायाची ती जुनी रीत आहे. 'अमेरिकेत इतकी कमाई' हा अनुवाद म्हणून चुकीचाच. 'अमेरिका आणि कॅनडात' असं लिहा.

दुसरं, परदेशी विद्यापीठांची शुल्कं. ऑस्ट्रेलियात 'डोमेस्टिक' विद्यार्थ्यांमध्ये तिथल्या नागरिकांबरोबर कायम रहिवासाचा परवाना असलेले आणि न्यूझीलंडचे नागरिकही येतात. मेलबर्नला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातली मुलगी भारतीय पासपोर्टवर असूनही या गटात बसू शकते. तिच्यासाठी माहितीपत्रक मराठीत करताना 'स्थानिक नागरिक' असं लिहिलंत तर तिचं मोठं नुकसान कराल. मूळ व्याख्या शोधा आणि तीच द्या.

४. मराठी वाक्यात तो कसा बसवायचा

इंग्रजीला क्रियाविशेषण लागतं म्हणून मराठीलाही लागेल असं नाही. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा सप्तमी करते: घरात, घरी, देशात, बाजारात. 'घरगुतीरीत्या', 'देशांतर्गतरीत्या', 'देशीयपणे' ही रूपं यंत्रानुवादात ढिगानं सापडतात. माणूस असं बोलत नाही. सापडतील तिथे काढून टाका.

'देशांतर्गत' हा शब्द चांगला आहे, पण तो विशेषण आहे. देशांतर्गत विमानसेवा, देशांतर्गत मागणी, देशांतर्गत व्यापार, इथे तो छान बसतो. 'हे सुटे भाग देशांतर्गत तयार केले जातात' असं वर्तमानपत्रांत येतं खरं, पण कानाला खटकतं. 'हे सुटे भाग देशातच तयार होतात' म्हणा. त्या 'च' नं इंग्रजी शब्दातला परदेशाचा विरोधही आपोआप आला.

वाक्यातल्या जागेप्रमाणे थोडं बदलावं लागतं:

- क्रियापदानंतर आला तर सप्तमी. 'सोल्ड डोमेस्टिकली' म्हणजे 'देशात विकले'.
- कृदंताच्या आधी आला तर 'देशात' आणि पुढे धातुसाधित. 'डोमेस्टिकली प्रोड्युस्ड क्रूड' म्हणजे 'देशात निघणारं खनिज तेल'. मुंबई हायचं तेल आठवा, १९७४ मध्ये सापडलेलं. त्याला 'घरगुती तेल' म्हटलं तर वाचक शेंगदाण्याच्या घाण्यापाशी पोचेल.
- वाक्याच्या सुरुवातीला स्वल्पविरामासह आला तर त्याचा आवाका मोठा असतो: 'देशातल्या आघाडीवर', 'देशातल्या राजकारणात', 'देशात मात्र'. आधीच्या परिच्छेदात परराष्ट्र धोरण चाललं असेल तर 'मात्र' हमखास लागतं.
- 'डोमेस्टिकली अँड इंटरनॅशनली' ही जोडी अहवालांत पानोपानी असते. 'देशांतर्गत तसेच आंतरराष्ट्रीय स्तरावर' असं लांबवू नका. 'देशात आणि परदेशात' किंवा 'देशविदेशात' पुरेसं आहे.

शुद्धलेखनाचाही एक खड्डा इथेच आहे. 'अंतर्' म्हणजे आतलं, 'आंतर' म्हणजे दोहोंच्या किंवा अनेकांच्या दरम्यानचं. म्हणून टपालाचं निळं पत्र 'अंतर्देशीय', आणि विमानतळ 'आंतरराष्ट्रीय'. 'देशांतर्गत'मधला 'गत' टंकताना गळला की उरतं 'देशांतर', म्हणजे देश सोडून जाणं. अर्थ नेमका उलटा. तपासनीस प्रणालीला हे कळत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत.

५. शेजारच्या शब्दांत गल्लत करू नका

*स्वदेशी.* मोह मोठा असतो, पण १९०५ च्या वंगभंगानंतरची चळवळ आणि टिळकांची चतुःसूत्री या शब्दाच्या मागे उभी आहे. त्यात अभिमान आहे, मालकी आहे. चाकणला परदेशी कंपनीच्या कारखान्यात बनलेली मोटार 'डोमेस्टिकली मॅन्युफॅक्चर्ड' आहे, म्हणजे देशात बनलेली आहे. ती स्वदेशी नाही. 'स्वदेशी' हा 'इंडिजिनसली'साठी ठेवा. माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि १८ डिसेंबर २०२२ ला मुंबईत नौदलात दाखल झालेली 'आयएनएस मोरमुगाओ' घ्या. तिचा आराखडाही नौदलाच्या स्वतःच्या विभागानं केलेला. गोव्याच्या बंदराचं नाव मिरवणाऱ्या या नौकेला 'स्वदेशी बनावटीची' म्हणताना संकोच नको.

*देशी.* गाय, अंडी, बियाणं यांच्या बाबतीत 'देशी' म्हणजे इथल्या मूळ वाणाचं, नुसतं इथे तयार झालेलं नव्हे. मद्याच्या बाबतीत तर गंमतच आहे. महाराष्ट्रातल्या डिस्टिलरीत गाळलेली व्हिस्की पूर्णपणे 'डोमेस्टिकली' बनलेली असली तरी उत्पादन शुल्काच्या भाषेत ती 'भारतीय बनावटीचं विदेशी मद्य' आहे. तिला 'देशी दारू' लिहिलंत तर परवान्याचा प्रकारच बदलतो, आणि कंपनीचा फोन येईल तो वेगळाच.

*राष्ट्रीय पातळीवर.* हा 'नॅशनली'चा अर्थ. त्याच्यासमोर राज्य किंवा जिल्हा असतो, 'डोमेस्टिकली'समोर परदेश असतो. नागपूरची कंपनी देशात विक्री करते पण फक्त विदर्भात, हे शक्य आहे. तिची विक्री 'डोमेस्टिक' आहे, 'राष्ट्रीय पातळीवरची' नाही.

*स्थानिक.* हा 'लोकली'. गाव, तालुका, शहर.

*मायदेशात.* क्रीडापानावर काम करणार असाल तर हा फरक पाठच करा. 'ॲट होम' आणि 'डोमेस्टिकली' वेगळे. भारतानं २०११ चा विश्वचषक वानखेडेवर जिंकला, म्हणजे मायदेशात जिंकला; पण स्पर्धा आंतरराष्ट्रीयच होती. रणजी करंडक, जो मुंबईनं २०२४ मध्ये ४२व्यांदा जिंकला, ही देशांतर्गत स्पर्धा. एखादा फलंदाज 'डोमेस्टिकली' धावांचा डोंगर रचतो आहे असं इंग्रजीत असेल तर 'देशांतर्गत क्रिकेटमध्ये' हेच लिहा. 'घरच्या मैदानावर' लिहिलंत तर क्रिकेट कळणारा वाचक पुढचं वाचणार नाही.

६. खरोखर घराचा अर्थ असेल तेव्हा

हा वापर कमी आढळतो, पण आला की मराठीचं दार सताड उघडं असतं. इंग्रजी एका 'डोमेस्टिकली'वर भागवते, तिथे आपल्याकडे घर, संसार, प्रपंच, घरकाम, घरदार असे वेगवेगळ्या चवीचे शब्द आहेत. संदर्भ बघून निवडा.

'डोमेस्टिकली हॅपी' म्हणजे 'संसारात सुखी'. 'डोमेस्टिकली इन्क्लाइन्ड' म्हणजे 'घरात रमणारी', 'घरकामाची आवड असणारा'. वधूवर सूचक जाहिरातींतला 'गृहकृत्यदक्ष' हा या अर्थाला इतका चपखल बसतो की हात शिवशिवतो. पण तो शब्द पिढ्यान् पिढ्या फक्त वधूला लावला गेला आहे. मूळ मजकूर पुरुषाबद्दल असेल आणि तुम्ही तो वापरलात, तर वाचक हसेल. हसवायचंच असेल तर जरूर वापरा. 'घरकोंबडा'सुद्धा जवळचा वाटतो, मात्र त्यात टोमणा आहे, आणि इंग्रजी शब्दात तो नसतो.

गंभीर मजकुरात, विशेषतः अत्याचाराच्या संदर्भात, स्वतःची शब्दनिर्मिती करू नका. २००५ च्या कायद्याचं मराठी नाव 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम' असं आहे, म्हणून 'कौटुंबिक हिंसाचार' हाच शब्द. फक्त एवढं ध्यानात ठेवा की या कायद्यातला 'कौटुंबिक' लग्नापुरता नाही. रक्ताचं नातं, दत्तक, एकत्र कुटुंब आणि विवाहासारख्या स्वरूपाचे संबंध हे सगळं त्यात येतं. अनुवादात सहज म्हणून 'पतीकडून' घातलंत तर आई, बहीण, सोबत राहणारी जोडीदार यांना बाहेर काढलंत.

७. ठरलेल्या नावांना हात लावू नका

हिंदीत 'घरेलू' हा एकच शब्द घर आणि देश दोन्हींसाठी चालतो: घरेलू हिंसा, घरेलू उड़ान, घरेलू क्रिकेट, सकल घरेलू उत्पाद. हिंदीवरून मराठी करणाऱ्या जाहिरात संस्थांमुळे तो आपल्याकडे घुसतो आणि 'घरेलू बाजारपेठ' फलकावर झळकते. मराठीत कौटुंबिक हिंसाचार, देशांतर्गत विमानसेवा, सकल देशांतर्गत उत्पादन. 'सकल घरगुती उत्पादन' ऐकलं की लोणची-पापडांची उलाढाल आठवते.

पण मग 'घरेलू' दिसला की खोडा, असंही करू नका. महाराष्ट्राच्या २००८ च्या कायद्याचं नावच 'महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम' आहे. मंडळाबद्दल लिहिताना 'घरेलू कामगार', इतर मजकुरात 'घरकामगार' किंवा 'घरकाम करणाऱ्या महिला'. अधिकृत नाव आवडो न आवडो, ते सुधारायचं काम अनुवादकाचं नाही.

८. सरावासाठी काही वाक्यं

आधी उत्तर झाकून स्वतः करून पाहा.

'सेल्स फेल डोमेस्टिकली बट रोझ अब्रॉड.' देशात विक्री घटली, परदेशात मात्र वाढली.

'डोमेस्टिकली, द प्राइम मिनिस्टर इज अंडर प्रेशर.' देशातल्या राजकारणात पंतप्रधान अडचणीत आहेत. मजकूर ब्रिटिश असेल तर 'ब्रिटनमध्ये' घाला.

'द क्लब विन्स डोमेस्टिकली बट स्ट्रगल्स इन युरोप.' हा क्लब देशातल्या स्पर्धा जिंकतो, युरोपीय स्पर्धांत मात्र त्याची दमछाक होते. इथे 'देश' म्हणजे क्लबचा देश. तो युरोपातच आहे, म्हणून 'परदेशात' चालणार नाही.

'द कपल अडॉप्टेड डोमेस्टिकली.' जोडप्यानं देशातूनच मूल दत्तक घेतलं.

'अ डोमेस्टिकली मेड स्टोव्ह.' हे मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. देशात बनलेली शेगडी, बहुतेक वेळा. पण मजकूर बचतगटाच्या प्रदर्शनाचा असेल तर घरी बनवलेलीही असू शकते. दोन्ही अर्थ लागत असतील तर अंदाजानं काही लिहू नका. ग्राहकाला विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत त्या ओळीला पिवळा रंग देऊन पुढच्या पानावर जा.